विश्लेषण : कधी विभागायचे, कधी थांबायचे… पेशीला हे कोण सांगते? चिलटाने दिलेले उत्तर का महत्त्वाचे?

पिकलेली केळी दोन दिवस ओट्यावर राहिली, की त्यांच्याभोवती बारीक, लालसर डोळ्यांची चिलटे घिरट्या घालू लागतात. घराघरांत हात झटकून हाकलल्या जाणाऱ्या या चिलटांच्या कुळातील ‘ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर’ ही माशी गेली शंभरहून अधिक वर्षे जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत मुक्कामाला आहे. तिच्यावर सरकारी पैसा खर्च होतो म्हटल्यावर अनेकांच्या भुवया उंचावतात. पण पेशी कधी विभागते, कधी थांबते आणि हा निर्णय नेमका कोणाचा असतो, या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर या माशीनेच दिले. कर्करोगाकडे पाहण्याची दृष्टी त्या उत्तराने बदलली. म्हणूनच ‘माशीवर खर्च कशाला’ हा प्रश्न विचारण्याआधी ते उत्तर समजून घ्यायला हवे.

पेशीचक्र म्हणजे काय?

एका पेशीच्या दोन पेशी होण्याचा ठरलेला क्रम म्हणजे पेशीचक्र. त्यात चार टप्पे असतात. आधी तयारी आणि वाढ, मग डीएनएची प्रत काढणे, मग पुन्हा एक तपासणीचा थांबा आणि शेवटी प्रत्यक्ष विभाजन. एका टप्प्यातून दुसऱ्या टप्प्यात जाण्यासाठी ‘सायक्लिन’ आणि ‘सीडीके’ ही प्रथिनांची जोडगोळी लागते. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल लेलंड हार्टवेल, टिम हंट आणि पॉल नर्स यांना २००१ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांचे काम प्रामुख्याने यीस्ट आणि समुद्री अर्चिन यांवर झाले होते.

यीस्ट हा एकपेशीय जीव. अन्न मिळाले की विभागायचे, संपले की थांबायचे, एवढाच त्याचा संसार. बहुपेशीय प्राण्याचे तसे नसते. तिथे प्रत्येक पेशी एका मोठ्या कुटुंबात राहते. पोटभर अन्न आहे म्हणून यकृताच्या पेशीने मनाला येईल तेव्हा विभागून चालत नाही. शेजारच्या पेशी, दूरचे अवयव, शरीराचे वय आणि पोषण या सगळ्यांचा सल्ला तिला घ्यावा लागतो. हा सल्ला रासायनिक संकेतांच्या रूपाने येतो. चक्राची यंत्रणा यीस्टने दाखवली. ती यंत्रणा कोणाच्या हुकमाने चालते आणि थांबते, हे मात्र माशीत अधिक ठळकपणे दिसले.

अंड्यात पहिल्या काही तासांत काय घडते?

माशीच्या अंड्यातील सुरुवातीचा वेग थक्क करणारा असतो. फलन झाल्यावर केंद्रक लागोपाठ १३ वेळा दुप्पट होते. सुरुवातीची आवर्तने तर जेमतेम आठ-नऊ मिनिटांची असतात. मधले थांबे नाहीत, तपासणी नाही, पेशींमध्ये भिंतीही नाहीत. एकाच मोठ्या पिशवीत हजारो केंद्रके एका तालावर विभागत राहतात. यासाठी लागणारी सगळी शिदोरी आईने अंड्यात आधीच भरून ठेवलेली असते.

तेराव्या विभाजनानंतर सुमारे सहा हजार केंद्रके तयार झालेली असतात आणि इथे गाडी एकदम थांबते. आईची शिदोरी संपवली जाते, केंद्रकांभोवती पेशीपटले उभी राहतात आणि भ्रूणाची स्वतःची जनुके कामाला लागतात. यानंतर सगळ्या पेशी एकत्र विभागत नाहीत. कुठला पट्टा आधी, कुठला नंतर, याचा एक नकाशाच भ्रूणावर उमटतो. प्रत्येक भ्रूणात हा नकाशा जवळपास तोच असतो.

या नकाशाचे रहस्य ब्रूस एडगर आणि पॅट्रिक ओफॅरेल यांनी १९८९ मध्ये उलगडले. ‘स्ट्रिंग’ नावाचे एक जनुक जिथे जागे होते, तिथल्या पेशी थोड्याच वेळात विभागतात. सीडीकेला लागलेली कडी काढणे, एवढेच स्ट्रिंग प्रथिनाचे काम. पण ही कडी कुठे आणि कधी काढायची, हे स्ट्रिंग स्वतः ठरवत नाही. डोके कुठे, पाठ कुठे, पोट कुठे हे ठरवणारी जनुके त्याला हुकूम देतात. शरीराचा आराखडा आणि पेशीचक्र यांची गाठ पडते ती इथे. स्ट्रिंगच्या आजूबाजूचा डीएनएचा लांबलचक पट्टा हे वेगवेगळे हुकूम वाचण्यासाठीच राखलेला आहे.

यातला सर्वांत बोलका धडा पुढचा आहे. स्ट्रिंग बिघडलेल्या भ्रूणात तेराव्या विभाजनानंतर पुढचे विभाजन होतच नाही. तरीही भ्रूणाची घडण लगेच थांबत नाही. कमी आणि मोठ्या पेशी घेऊन तो घड्या घालतो, ऊतींची मांडणी सुरू ठेवतो. म्हणजे आराखडा विभाजनावर अवलंबून नाही. विभाजन आराखड्यावर अवलंबून आहे.

योग्य वेळी थांबणेही तितकेच का महत्त्वाचे?

भ्रूणाच्या पोटाकडील पेशींचा एक पट्टा आत वळून पुढे स्नायू बनवतो. आत वळण्यासाठी पेशींना आकार बदलावा लागतो. विभागणारी पेशी मात्र गोल होते आणि त्या काळात तिला दुसरे काम जमत नाही. भिंत बांधणारा गवंडी त्याच वेळी विटा भाजायला बसला, तर भिंत उभी राहणार नाही, तसेच हे.

गंमत अशी, की याच पेशींत स्ट्रिंग लवकर जागे झालेले असते. तरीही त्या थांबतात. याचे कारण २००० मध्ये तीन स्वतंत्र गटांच्या संशोधनातून पुढे आले. ‘ट्रिबल्स’ नावाचे प्रथिन या पेशींतील स्ट्रिंग नष्ट करून विभाजन लांबवते. ट्रिबल्स बिघडले, की पेशी घाईने विभागतात आणि आत वळण्याचे काम फसते. ‘स्टार ट्रेक’ या मालिकेत भराभर वाढत जाणारे केसाळ प्राणी होते, त्यांच्यावरून हे नाव आले. नाव गमतीचे असले, तरी धडा गंभीर आहे. विकासात ‘अजून नको’ हा आदेश ‘आता विभाग’ या आदेशाइतकाच मोलाचा असतो.

एकाच संकेताचे वेगवेगळे अर्थ कसे?

पेशींमधील संकेतांचे मार्ग मोजकेच आहेत. नॉच, विंगलेस, हेजहॉग, डीपीपी, ईजीएफआर अशी त्यांची नावे. माशीपासून माणसापर्यंत तेच मार्ग थोड्याफार फरकाने वापरले जातात. यापैकी अमुक संकेत ‘वाढीचा’ आणि तमुक ‘थांबण्याचा’ अशी सरळ विभागणी करण्याचा मोह होतो. माशीने ती विभागणी खोटी ठरवली.

नॉचचेच उदाहरण घ्यावे. अळीच्या शरीरात भावी पंखाची एक चकती असते. तिच्यात पंखाची कड जिथे येणार, तिथल्या पेशींचे विभाजन नॉच आणि विंगलेस मिळून थांबवतात. डोळ्याच्या चकतीत मात्र तोच नॉच पेशींना डीएनएची प्रत काढायला लावतो, म्हणजे विभाजनाकडे ढकलतो. अंडाशयात अंड्याभोवतीच्या पेशींना तो तिसरेच सांगतो : विभागू नका, पण डीएनएच्या प्रती काढत राहा. त्यामुळे त्या पेशी संख्येने न वाढता आकाराने फुगतात. शब्द एकच, पण कोणाला, कुठे आणि कधी सांगितला यावर त्याचा अर्थ ठरतो. ‘या’ म्हणजे स्वागतही असते आणि निरोपही, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको.

डोळ्याच्या चकतीतली शिस्त तर पाहण्यासारखी असते. माशीच्या एका डोळ्यात सुमारे ७५० ते ८०० बारीक नेत्रिका असतात. चकतीवरून एक खाच लाटेसारखी पुढे सरकते. हेजहॉग आणि डीपीपी या संकेतांमुळे खाचेपाशी येणाऱ्या पेशी आधी एका टप्प्यावर थांबतात. सगळ्या एका रेषेत आल्या, की प्रत्येक नेत्रिकेतल्या पहिल्या पाच प्रकाशग्राही पेशींची निवड होते. उरलेल्या पेशी आणखी एकदा विभागतात आणि त्यांतून बाकीचे भाग बनतात. ‘रफेक्स’ हे जनुक बिघडले की पेशी थांबत नाहीत, मांडणी विस्कटते आणि प्रौढ माशीचा डोळा खडबडीत होतो. थांबणे चुकले की घडणही चुकते.

अवयवाचा आकार पेशींच्या संख्येवर ठरतो का?

सर्वसामान्य समज ‘हो’ असा आहे. जास्त पेशी म्हणजे मोठा अवयव. माशीच्या पंखाने हा समज मोडीत काढला.

पंखाची चकती सुरुवातीला काही डझन पेशींची असते. चार-पाच दिवसांत तिच्यात हजारो पेशी होतात आणि ठरलेल्या आकाराला पोहोचताच वाढ थांबते. ही चकती अळीतून काढून प्रौढ माशीच्या पोटात ठेवली, तरी ती साधारण तेवढीच वाढते आणि थांबते. आपला आकार तिला जणू ठाऊक असतो.

१९९७ आणि १९९८ मध्ये दोन वेगळ्या गटांनी याची परीक्षा घेतली. एका गटाने चकतीच्या एका भागातले विभाजन रोखले. तो भाग छोटा राहायला हवा होता. पण कमी, मोठ्या पेशींनी त्याने आपला आकार गाठला. दुसऱ्या गटाने पेशींच्या एका पुंजक्यात चक्राचा वेग वाढवला. पेशी जास्त झाल्या, पण लहान राहिल्या. वेग कमी केला, तेव्हा पेशी कमी झाल्या, पण मोठ्या राहिल्या. दोन्ही वेळा पुंजक्याचे क्षेत्रफळ जवळपास तेवढेच. भाकरी किती मोठी हे पिठाच्या गोळ्यावर ठरते. तिचे चार तुकडे करा नाहीतर आठ.

म्हणजे वाढ आणि विभाजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसते चक्र पळवून अवयव मोठा होत नाही. वाढीचा हुकूम संकेतांकडून यावा लागतो आणि चक्र त्या वाढीमागून चालते. मग ‘पुरे’ हा हुकूम कोण देते? या प्रश्नाचा एक मोठा धागा ‘हिप्पो’ या मार्गाने दिला. १९९५ मध्ये ‘वॉर्ट्स’, २००३ मध्ये ‘हिप्पो’ आणि २००५ मध्ये ‘यॉर्की’ ही त्यातली जनुके माशीत उजेडात आली. हिप्पो बिघडलेल्या माशीचे डोके पाणघोड्यासारखे बेढब वाढते, म्हणून ते नाव. हा मार्ग शाबूत असेल तर यॉर्कीला लगाम बसतो. लगाम सुटला की यॉर्की एकाच वेळी दोन कामे करतो : विभाजनासाठी लागणारे सायक्लिन वाढवतो आणि पेशींचा नियोजित मृत्यू रोखतो. माणसात यॉर्कीचे काम ‘याप’ हे प्रथिन करते. अनेक प्रकारच्या कर्करोगांत ते बेलगाम झालेले आढळते.

याचा कर्करोगाशी नेमका संबंध काय?

‘पेशी वेड्यासारख्या विभागू लागतात तो कर्करोग’ ही व्याख्या शाळेपासून ऐकू येते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. तिच्यामुळे सगळे लक्ष विभाजनाच्या यंत्रावर जाते. जुन्या किमोथेरपीचा मार्ग तोच होता : जी पेशी विभागताना दिसेल तिच्यावर मारा. त्यात केसांच्या मुळांतील, आतड्याच्या अस्तरातील आणि अस्थिमज्जेतील निरोगी पेशीही मरतात. केस गळणे, उलट्या, रक्तातल्या पेशी घटणे हे त्रास रुग्णांच्या घरच्यांना चांगलेच माहीत असतात. या औषधांनी असंख्य जीव वाचवले, आजही वाचवतात. पण त्यांना निरोगी आणि बिघडलेला हुकूम यांतला फरक कळत नाही.

माशीने दाखवलेले चित्र वेगळे आहे. कर्करोगात यंत्र अनेकदा ठीकच असते. बिघडतो तो यंत्राला मिळणारा हुकूम किंवा तो ऐकण्याची क्षमता. या समजेतून वेगळी औषधे निघाली. ख्रिस्तियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांनी १९८० मध्ये माशीच्या अळ्यांतील बिघाडांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यात ‘हेजहॉग’ हे एक नाव होते. त्या वेळी ती निव्वळ एक काटेरी दिसणारी अळी होती. १९९५ मध्ये दोघांना एडवर्ड लुइस यांच्यासह नोबेल मिळाले. पुढे माणसाच्या त्वचेच्या ‘बेसल सेल कार्सिनोमा’ या कर्करोगात हाच मार्ग बिघडतो हे कळले आणि तो रोखणाऱ्या ‘व्हिस्मोडेगिब’ या औषधाला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली. अळीपासून औषधापर्यंत ३२ वर्षे. स्तनाच्या एका प्रकारच्या कर्करोगात वापरले जाणारे, सीडीकेच्या दोन प्रकारांना अडवणारे ‘पाल्बोसिक्लिब’ २०१५ मध्ये आले. त्याची मुळे पेशीचक्राच्या मूलभूत संशोधनात आहेत.

इथे अतिशयोक्ती टाळायला हवी. माशी म्हणजे माणूस नव्हे. तिचे आयुष्य काही आठवड्यांचे आणि माणसाच्या ऊती कितीतरी गुंतागुंतीच्या. व्हिस्मोडेगिबलाही कर्करोगाच्या पेशी पुढे दाद देईनाशा होतात. एक मार्ग अडवला तर त्या दुसरा शोधतात. पण हे अपयशही माशीच्या धड्याशी जुळणारेच आहे. संकेत एकटे काम करत नाहीत. ते जाळ्यासारखे गुंतलेले असतात. म्हणून एकच तार कापून प्रश्न संपेल ही अपेक्षा भाबडी आहे. जाळे समजून घ्यायचे, तर ते जिथे सुटसुटीत दिसते तिथून सुरुवात करणे शहाणपणाचे.

‘माशीवर खर्च कशाला’ हा प्रश्न चुकीचा का?

२००८ मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांनी एका भाषणात फळमाशीवरील संशोधनाची उधळपट्टी म्हणून थट्टा केली. प्रत्यक्षात ते संशोधन ऑलिव्हच्या बागा नासवणाऱ्या किडीवर होते. म्हणजे थट्टेतली माशीही वेगळीच निघाली. आपल्याकडेही ‘फळमाशी’ म्हटले की आंबा बागायतदारांना डोळ्यांसमोर दिसते ती फळात अंडी घालणारी कीड. ती वेगळी आणि प्रयोगशाळेतले चिलट वेगळे. मात्र या दोन्हींवरील संशोधनाला उधळपट्टी म्हणणे सारखेच अज्ञानाचे आहे.

थट्टेपेक्षा घातक असते ती नियमित निधीची दोरी कापणे. १९९०च्या दशकापासून ‘फ्लायबेस’ हा माशीच्या जनुकांचा माहितीसाठा जगभरातील प्रयोगशाळांना विनामूल्य उपलब्ध आहे. २०२५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची अमेरिकी सरकारी अनुदाने रोखली गेली, तेव्हा त्याचा फटका या साठ्यालाही बसला. कर्मचारी कमी करावे लागले आणि जगभरातील संशोधकांकडे मदत मागण्याची वेळ आली. वाद होता एका विद्यापीठाशी. तोट्यात गेली ती सगळ्यांची सामायिक वही.

भारताने यातून धडा घ्यायला हवा. या क्षेत्रात भारताची परंपरा लहान नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी माशीवरील जनुकशास्त्राची पायाभरणी केली. त्यातून पुढे बेंगळूरुचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभे राहिले. पुण्याच्या ‘आयसर’मध्येही माशीवर काम करणारे गट आहेत. माशी पाळायला लागते ते मक्याचे पीठ, साखर, यीस्ट आणि आगर. अंड्यापासून प्रौढ माशी दहा दिवसांत तयार होते. माणसातील रोगांशी निगडित जनुकांपैकी सुमारे ७५ टक्के जनुकांची भावंडे तिच्यात सापडतात. कमी पैशात जागतिक दर्जाचे काम करायचे असेल, तर याहून योग्य जीव शोधून सापडणार नाही. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातही ते शक्य आहे.

पण संशोधनावरील देशाचा खर्च सकल उत्पादनाच्या ०.६४ टक्क्यांच्या आसपास घुटमळतो आहे. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या ‘अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान’साठी पाच वर्षांत ५० हजार कोटींचे उद्दिष्ट ठेवले गेले, आणि त्यातला मोठा वाटा खासगी क्षेत्राकडून अपेक्षित आहे. खासगी पैसा साहजिकच पाच वर्षांत फळ मागेल. हेजहॉगने ३२ वर्षे घेतली. १९८० मध्ये त्या काटेरी अळीसाठी कोणत्याही कंपनीने पैसे दिले नसते आणि त्यात कंपनीचा दोषही नव्हता. जे काम बाजार करू शकत नाही, तेच सरकारने करायचे असते.

पुढे काय?

पेशीला कधी विभागायचे हे कळत नाही. ते तिला कळवावे लागते. माशीच्या शंभर वर्षांच्या अभ्यासाचे सार एवढ्या वाक्यात मावते. हे सार कोणी ‘कर्करोगावर औषध शोधा’ असा आदेश देऊन मिळाले नाही. अंड्यातल्या पट्ट्यांचा क्रम, डोळ्यातली खाच, पंखाची कड यांविषयीच्या निव्वळ कुतूहलातून ते हाती आले.

संशोधनाचेही पेशीसारखेच आहे. चक्र पळवले म्हणून अवयव मोठा होत नाही, तसेच प्रकल्पांची संख्या आणि घोषणांचा वेग वाढवला म्हणून विज्ञान वाढत नाही. त्याला सातत्याचे पोषण लागते आणि योग्य वेळी योग्य संकेत लागतात. ‘लगेच उपयोग काय’ हा संकेत चुकीच्या वेळी दिला, तर घडण विस्कटते. ओट्यावरच्या केळ्यांभोवतीची चिलटे हाकलायला हरकत नाही. प्रयोगशाळेतली हाकलणे मात्र परवडणारे नाही.